चौदा नावांचा अंगठा

बाळासोनं सांगली कोर्टातला आपला लाल पट्टा पितळी बिल्ल्यासकट पिशवीत घालून आणला होता. साताऱ्याच्या कोर्टाच्या फाटकाशी येताच त्यानं तो कमरेला चढवला. रजेवरच्या शिपायानं, तेही दुसऱ्या जिल्ह्यात, पट्टा बांधायचा नसतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत या पट्ट्यानं त्याला कुठं ताटकळू दिलं नव्हतं. तलाठी उठून उभा राहायचा, एसटीचा कंडक्टर जागा करून द्यायचा. आज तर सख्ख्या पुतण्याच्या जामिनाचा दिवस होता. फाटकावरच्या पोलिसानं पट्ट्याकडं पाहिलं, बाळासोकडं पाहिलं आणि पुन्हा तंबाखू मळायला लागला. बाळासोनं तेवढ्यालाच सलाम समजून मान हलवली आणि तो आत शिरला.

तानाजीला आत टाकून एकोणीस दिवस झाले होते. गोरडांच्या घराण्यात आजवर कोर्टाची पायरी चढला तो एकटा बाळासो, आणि तोही पगार घेऊन. ही गोष्ट तो आटपाडीपासून सांगलीपर्यंत भेटेल त्याला सांगत आला होता. आता त्याच घरातला बारावी पास झालेला पहिला पोरगा, त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा, मोबाईलच्या फसवणुकीची कलमं अंगावर घेऊन साताऱ्याच्या जेलात बसला होता. खालच्या कोर्टानं जामीन नाकारला होता. आज सेशन कोर्टानं नाकारला, तर पुढं हायकोर्ट, म्हणजे मुंबई, म्हणजे पावसाळ्यापर्यंत पोरगा आत. हे बाळासोइतकं घरात कुणालाच कळत नव्हतं. म्हणून काल रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता. पण तोंडावर त्यानं ते दिसू दिलं नव्हतं.

बाररूमच्या मागच्या पडवीत सुमंत वकिलांचं टेबल होतं. वकील वाईचे. रोज सकाळच्या गाडीनं येत आणि डबा टेबलाखाली ठेवत. बाकड्यावर बाळासोची आई धोंडुबाई पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर एक गाठोडं. शेजारी तानाजीची थोरली बहीण राणी. आणि खांबाला टेकून, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, असा तानाजीचा बाप अर्जुना उभा होता. पाटणच्या बाजूला मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून तो पहाटेच्या दुधाच्या गाडीनं आला होता. चार वर्षांमागं बाळासोनं आपल्या वाटणीची मेंढरं विकून सांगलीत प्लॉट घेतला, तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. आताही अर्जुनानं नुसतं डोळे उचलून पाहिलं.

"आलास?" धोंडुबाई म्हणाली. "आनि ह्यो पट्टा कशाला? हितं काय तुला हाळी द्यायची हाय?"

"आये, कोर्टात कोर्टाच्या मान्सागत यावं लागतंय," बाळासो म्हणाला आणि वकिलांकडं वळून त्यानं आपली कोर्टातली भाषा काढली. "वकीलसाहेब, जामीनअर्जाच्या प्रतिज्ञापत्रावर आमची सही व्यवस्थित झालीय ना?"

"सही सुंदर आहे," सुमंत वकील म्हणाले. "एवढी मोठी सही मी कलेक्टरचीसुद्धा पाहिली नाही. पण आता जरा बसा. सरकारी वकिलांच्या हातात दोन कागद आहेत आणि दोन्ही वाईट आहेत."

त्यांनी पहिला कागद वाचला. मोबाईल कंपनीच्या सातारच्या डीलरनं, त्या मानसिंगनं, आटपाडीच्या चौदा माणसांच्या नावावर चौदा कार्डं सुरू करून ती भलत्यांनाच विकली होती. त्यावरून तीन महिने दुबईला बोलणी चालली. बिलं कुणीच भरली नाहीत तेव्हा कंपनीनं फिर्याद दिली. मानसिंग पळाला आणि फॉर्म भरणारा नोकर, म्हणजे तानाजी, सापडला. मग पोलीस त्या चौदा जणांच्या पत्त्यावर गोरडवस्तीला गेले. त्यांचा अहवाल असा होता: "अर्जुना सखाराम गोरड. घरास कुलूप. सदर नावाची व्यक्ती अस्तित्वात असल्याचे दिसून येत नाही."

"मग हितं कोन हुबा ऱ्हायलाय?" अर्जुना म्हणाला.

"चौदाही जणांबद्दल तेच लिहिलंय. बनावट माणसं म्हणून."

"दसऱ्यानंतर वस्तीत कुलपंच असत्यात की," राणी म्हणाली. "समदी मेंढरामागं जात्यात, म्हातारी नि शाळंची पोरं तेवढी मागं. मी तवा पान्याला गेल्ती. आज्जी दारातच बसलीवती, तिला इचारलंबी न्हाई. जीपमधनं उतरली, कुलपं मोजली नि गेली."

"अर्जुना आलेत, त्यामुळं हा कागद आपण उडवू. दुसरा अवघड आहे." वकिलांनी चष्मा वर सरकवला. "चौदा फॉर्मवर चौदा अंगठे आहेत. तज्ज्ञाचा दाखला आलाय. चौदाही अंगठे एकाच माणसाचे. तानाजीचे."

सगळ्यांना ते ठाऊकच होतं, कारण तानाजीनंच ते पहिल्या दिवशी फौजदाराला सांगून टाकलं होतं. मानसिंगनं प्रत्येक नोकराला गावाकडचे फॉर्म आणायला लावले होते. तानाजीनं दसऱ्याला वस्तीवर जाऊन एकेकाला विचारलं होतं. कळप सह्याद्रीच्या अंगाला असतो, लांडग्यानं चार मेंढरं फाडली तरी घरी आठवड्यानं कळतं. टॉवर आला आणि एकेक फोन हाती आला, तर माघारी राहिलेल्यांच्या जिवाला घोर राहणार नाही, हे त्याला मनापासून वाटलं होतं. माणसं म्हणाली, भर आमच्या नावानं. कोरे फॉर्म हातात आले तोवर कळप निघून गेले होते. मग तानाजीनं वस्तीवर जे होत आलं होतं तेच केलं. दुकानात बसून एकेकाचं नाव घेतलं आणि एकेका नावाखाली आपला अंगठा उठवला.

बाळासोला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग होता. बारावी पास पोरगा! सही करायची होती की चौदा तऱ्हेच्या. त्यानं जेलात भेटायला गेल्यावर तसं विचारलंही होतं, तेव्हा तानाजी म्हणाला होता, "तात्या, सही केली असती तर खोटी झाली असती की."

"वकीलसाहेब," तो आता म्हणाला, "पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात वाचता येत नाही. कलम पंचवीस. अठ्ठावीस वर्षं ऐकत आलोय. आपण अंगठ्याचं नावच काढायचं नाही. मालक फरारी आहे, सगळं त्याच्यावर ढकलायचं. पोरगा लहान आहे, पहिलाच गुन्हा आहे, झालं."

"तात्या म्हंत्यात तेच बरं," राणी म्हणाली. इतके दिवस ती त्याच्याच बाजूनं होती. घरात कागद कळणारं दुसरं कुणी नव्हतं.

"आपण नाव काढलं नाही तर जज्ज काढतील," वकील म्हणाले. "दाखला समोर आहे. मला सांगता आलं पाहिजे, की हा अंगठा फसवायला दिलेला नाही. नुसतं तोंडी सांगून चालणार नाही. काही दाखवायला हवं."

तेव्हा धोंडुबाईनं मांडीवरचं गाठोडं सोडलं. आतून एक वही निघाली. पुठ्ठा फुगलेला, पानं पाण्यानं लाटा आलेली. बाळासोनं ती लगेच ओळखली.

"आये, ही कशाला काढलीस?"

"त्येनी दावायला मागितलं म्हनून."

ती टँकरची वही होती. आटपाडीच्या त्या अंगाला होळीपासून सरकारी टँकर यायचा, घरटी दोन बॅरल पाणी. पाणी मिळाल्याबद्दल वहीत कुटुंबप्रमुखाची सही नाहीतर अंगठा, असा वरून हुकूम होता. कुटुंबप्रमुख मेंढरामागं शंभर मैलांवर. मग पहिल्या वर्षी टँकरवाल्यानं पाणी न देता गाडी वळवायला घेतली, तेव्हा धोंडुबाई आडवी उभी राहिली होती. तिनं वही ओढून घेतली होती आणि सगळ्या नावांसमोर आपला अंगठा उठवला होता. त्या दिवसापासून तोच रिवाज पडला, आणि वहीही तिच्याकडंच राहायला लागली. जो मागं राहील त्याचा अंगठा सगळ्यांचा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण जाणारा माणूस जाताना सांगूनच जायचा, की आये, माझं बी बघ.

सुमंत वकिलांनी पानं उलटली, आणि उलटता उलटता ते खुर्चीत सरळ बसले. "दर पानावर तीच नावं. तीच वस्ती. अंगठा एकाचाच. हे गेल्या वर्षीचं?"

"आधल्या सालांच्या तीन वह्या घरी हायती," राणी म्हणाली. ती आता वहीवर ओणवली होती.

"पण हे पहिलं नाव..." वकिलांनी बोट ठेवलं आणि वर पाहिलं. "बाळासो सखाराम गोरड."

राहतं घर थोरल्या मुलाच्या नावावर, म्हणून कुटुंबप्रमुख बाळासो. तो सांगलीत सरकारी क्वार्टरमध्ये नळाचं पाणी पीत होता आणि वस्तीवर त्याच्या नावासमोर दर दोन दिवसांनी अंगठा उठत होता. त्याला हे ठाऊक होतं. दरवर्षी सुट्टीत गेल्यावर त्यानं ते पाहिलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं. सही करणाऱ्या, कोर्टात नोकरी असणाऱ्या माणसाच्या नावापुढं अंगठा!

"ही वही आत न्यायची न्हाई," तो म्हणाला. कोर्टातली भाषा कुठल्या कुठं गेली. "आवं, प्रतिज्ञापत्रावर माझी सही, हितं अंगठा. सरकारी वकील आंधळा हाय का? साहेबाकडं एक चिठ्ठी गेली तर चौकशी लागंल माझ्यामागं. पेन्शनीला दोन वर्सं ऱ्हायल्यात. आनि आये, तुज्यावरबी केस हुईल, कळतंय का?"

"हुदे," धोंडुबाई म्हणाली. "त्या पोरानं माझं बघून केलं. त्यो आत नि मी भाईर, ह्ये कुठलं आलं?"

"आज्जीचं बराबर हाय, तात्या," राणी हळूच म्हणाली.

बाळासोनं तिच्याकडं रागानं पाहिलं. मघाशी हीच पोर त्याच्या बाजूनं बोलली होती. तेवढ्यात खांबापासून आवाज आला. चार वर्षांनी अर्जुना भावाशी बोलला.

"दादा, तुज्या नावाचं पान तेवढं फाडू का? चालंल का वकीलसाहेब?"

त्यात टोमणा नव्हता. भावाची नोकरी वाचावी म्हणून त्यानं खरंच विचारलं होतं, आणि म्हणूनच ते बाळासोला जास्त लागलं.

"त्यांचं नाव प्रत्येक पानावर पहिलंच आहे," वकील म्हणाले. "आणि एक पान फाटलेलं दिसलं, की सगळी वहीच गेली म्हणून समजा."

"तुमचं तुमी बघा," बाळासो म्हणाला आणि उठून व्हरांड्यात गेला. तिथं जाऊन त्यानं पट्टा सारखा केला, पाणी प्यायला, पुन्हा पट्टा सारखा केला. प्रतिज्ञापत्र मागं घेतो असं म्हणायला एक मिनिट पुरलं असतं. ते मिनिट त्याच्याजवळ होतं, तरी तो व्हरांड्यातच उभा राहिला.

साडेबाराला पुकारा झाला. आरोपीला अशा सुनावणीला आणत नाहीत, हे त्यानं आईला सकाळीच समजावलं होतं, तरी ती दाराकडं बघत राहिली. मागच्या बाकावर चौघं ओळीनं बसले. बाळासो आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात बसला होता. अठ्ठावीस वर्षं तो उभाच होता. बाक एवढं अरुंद असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

सरकारी वकील उंचेपुरे, आवाज खणखणीत. मोबाईल हे नवं यंत्र आहे, म्हणाले, आणि आजच आळा घातला नाही तर उद्या गावोगावच्या भोळ्या माणसांची नावं विकली जातील. खोटा दस्तऐवज केला, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. चौदा बनावट माणसं, चौदा बनावट अंगठे.

सुमंत वकील उठले. त्यांचा आवाज लहान होता, पण घाई नव्हती. "चौदांतला एक बनावट माणूस मागं बसलाय, साहेब. काठी बाहेर ठेवायला लावली, नाहीतर ती पण दिसली असती."

अर्जुना उठून उभा राहिला. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "तुमचं नाव?"

"अर्जुना सखाराम गोरड."

"फॉर्म भरायला तुम्ही सांगितलं होतं?"

"व्हय साहेब. म्या सांगितलं, माझ्या चुलत्यानं सांगितलं, समद्यांनी सांगितलं. आमी मेंढरामागं. पोरगं माघारी. मग अंगठा त्यानंच द्यायचा की."

लोक हसले. जज्ज हसले नाहीत. सुमंत वकिलांनी वही पुढं केली, टँकरची गोष्ट सांगितली, रिवाज सांगितला. वही जज्जसाहेबांनी स्वतः हातात घेतली, पानं उलटली, फॉर्मच्या शेजारी ठेवून पाहिली. बाळासोच्या मनात आलं, की झालं, सुटलो, पहिल्या नावाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

पण सरकारी वकील वहीवर वाकले होते, आणि वाकले ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

"साहेब, पहिलं नाव वाचावं. बाळासो सखाराम गोरड. समोर अंगठा. आणि याच अर्जाला जोडलेलं प्रतिज्ञापत्र पाहावं. बाळासो सखाराम गोरड, आणि खाली ही एवढी लांब सही. हे गृहस्थ सांगलीच्या कोर्टात शिपाई आहेत. ज्याला सही येते त्याचा अंगठा कसा? एक तर सही खोटी किंवा अंगठा खोटा. आणि अंगठा खोटा असल्याचं कबूल करायची यांची तयारी असेल, तर मी सांगलीला आजच लिहीन. साहेब, हा रिवाज नाही. खोटे अंगठे हा या कुटुंबाचा धंदा आहे."

जज्जसाहेबांनी वहीतून मान वर केली. "बाळासो गोरड हजर आहेत?"

बाळासो उठला. धंदा हा शब्द त्याच्या कानात वाजत होता. ज्या बाईनं टँकर अडवला, जिनं आपल्या घागरीआधी आजाऱ्याच्या घरात पाणी घातलं, तिच्या अंगठ्याला हा माणूस धंदा म्हणत होता, आणि ती मागं शांत बसली होती. आपल्याला त्याचं वाईट वाटायला एवढा वेळ लागला, याची बाळासोला भयंकर लाज वाटली. त्यानं कमरेचा पट्टा सोडला आणि अर्जुनाच्या हातात दिला.

"धर," तो म्हणाला आणि पुढं गेला.

"हा अंगठा तुमचा आहे?"

तोंडातून आधी कोर्टातलंच आलं. "साहेब, सदरचा अंगठा..." मग तो थांबला. "न्हाई साहेब. ह्यो माझ्या आईचा अंगठा. मागं बसलीय ती. सही माझी खरी, नि ह्यो अंगठाबी खरा. मी सांगलीत हुतो, नोकरीत. पानी माझ्या नावानं आलं, भरलं तिनं, पेलं वस्तीनं. मला समदं ठावं हुतं. म्या कवा तक्रार केली न्हाई. कुनीच केली न्हाई, साहेब. आमच्यात जो मागं ऱ्हातो त्यो समद्यांचा असतो. त्येच्यावर घर सोपवून आठ-आठ म्हैनं जात्यात मान्सं, कुलपाची किल्लीबी त्येच्याकडं. त्यानं कुनाला फसवलं, असं आजवर झालं न्हाई. तानाजी आमच्यातनं शिकून पुढं गेला. शिकला, पर ह्ये इसरला न्हाई, एवढंच त्येचं चुकलं. वकीलसाहेबांनी सांगलीला लिवायचं तर लिवू द्या. पर धंदा म्हनू नका."

शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं गेलं. अठ्ठावीस वर्षं पुकारा केल्याची सवय. भिंतीपर्यंत आवाज पोचला. दारातला साताऱ्याचा शिपाई सावरून उभा राहिला.

जज्जसाहेबांनी काही वेळ लिहिलं. लेखणीचा आवाज येत होता. मग ते सावकाश बोलले.

"गुन्हा झाला की नाही, हे खटल्यात ठरेल. दुसऱ्याच्या नावाखाली अंगठा देणं चूक आहे, मग रिवाज कसलाही असो. आज प्रश्न एवढाच आहे, की या मुलाला आत ठेवायचं का. कार्डांचा फायदा याला मिळालेला नाही. ज्याला मिळाला तो सापडलेला नाही. कागद सगळे पोलिसांच्या ताब्यात आहेत." ते सरकारी वकिलांकडं वळले. "आणि ज्याला फसवून पळायचं असतं, तो आपलाच अंगठा चौदा वेळा ठेवून जात नाही. जामीन मंजूर. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. एक जामीनदार."

राणीनं पदर तोंडाशी नेला. अर्जुनाला काही कळलं नव्हतं, तो पट्टा छातीशी धरून प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत होता. बाळासो मागं आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सुटलं रं पोरगं." अर्जुनानं मोकळ्या हातानं भावाचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

जामीनदार म्हणून बाळासोनं तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीनंतर तो त्या काढायला लागला, तशी धोंडुबाई पुढं झाली.

"त्या ठेव आत. तुज्यामागं आता चौकशी लागंल. मी ऱ्हाती जामीन."

"आये, त्येला जमीन लागती, सातबारा लागतो."

"आज्जीचं नाव हाय की सातबाऱ्यावर," राणी म्हणाली. आजोबा गेल्यावर तलाठ्यानं लावलेल्या वारसांत धोंडुबाईचं नाव पहिलं होतं. राणीनं उतारा आणि ऐपतीचा दाखला दोन्ही पिशवीत आणले होते. कुणाला न सांगता ती आठवड्यामागं तहसिलीत जाऊन बसली होती. आपल्या बाजूची म्हणून धरलेली पोर आपल्या पुढं निघून गेली होती, हे बाळासोला आता कळलं. त्याला तिचं कौतुक वाटलं. तिच्या हातून उतारा घेऊन त्यानं स्वतः सुमंत वकिलांपुढं ठेवला.

जज्जसाहेबांनी उतारा पाहिला आणि समोर उभ्या राहिलेल्या म्हातारीकडं पाहिलं. "आजी, जामीन राहणं म्हणजे काय, माहीत आहे? मुलगा पळाला तर तुमच्या जमिनीवर येईल."

"त्यो पळायचा न्हाई, साहेब."

"एवढी खात्री?"

"आमी चालनारी मान्सं. पळनारी न्हवं."

जज्जसाहेबांच्या ओठांवर आता हसू आलं. "बरं. पण एक सांगा. आजवर तुम्ही साऱ्या वस्तीच्या नावांखाली अंगठा दिलात. आता या जामिनाच्या कागदावरचा अंगठा तुमचाच, हे कोर्टानं कसं धरायचं?"

धोंडुबाई अडखळली नाही.

"किती येळा अंगठा दिला त्येची गनती न्हाई, साहेब. टँकरला दिला, शाळंत पोरांच्या नावाखाली दिला, धन्याच्या आजारपनात त्येच्या कागदाला दिला. पर समदं दुसऱ्याच्या नावाखाली. माझ्या नावाखाली म्या अजून येकदाबी दिल्याला न्हाई. कुनी मागितलाच न्हाई."

जज्जसाहेबांनी कारकुनाला खूण केली.

कारकून शाईची गादी घेऊन आला आणि सवयीनं तिचा हात धरून अंगठा ओढू लागला. धोंडुबाईनं हात सोडवून घेतला.

"दम धर की बाबा. बाळू, माझं नाव कुठं लिवलंय? दाव."

बाळासोनं कागदावर बोट ठेवलं. अक्षरं त्याला नीट दिसत नव्हती, तरी त्यानं वाचलं. "धोंडुबाई सखाराम गोरड."

"पुन्यांदा वाच."

"धोंडुबाई सखाराम गोरड."

तिनं अंगठा गादीवर नीट टेकवला, मग त्या नावाखाली ठेवला आणि दाबून धरला. कारकुनानं कागद ओढून घेतला आणि पुसायला फडकं पुढं केलं. धोंडुबाईनं हात मागं घेतला.

"पुसू नगं," ती म्हणाली. "वाळू दे तसाच. तानाजीला दावती."